घरातलं जंगलात, जंगलातलं घरात



पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी आमच्या ताम्हिणी घाटात गाड्यांची रांग लागते. धबधबे, गरम भजी, भाजलेली कणसं, फोटो. माणसं येतात, भिजतात आणि संध्याकाळी परत जातात. त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्यातले काही जण येताना घरातला नकोसा झालेला एखादा जीव सोबत आणतात आणि जाताना त्याला इथेच सोडून जातात. कधी कुत्र्याचं पिल्लू असतं, कधी मांजर, कधी पांढराशुभ्र विलायती ससा आणि आता गिनीपिगसुद्धा.

सोडणाऱ्याच्या मनात वाईट असतं असं मी म्हणणार नाही. उलट त्याला वाटतं, की आपण चांगलंच काम केलं. 'बिचारा पिंजऱ्यात कोंडलेला होता, आता निसर्गात मोकळा फिरेल.' मला या वाक्याबद्दलच आज लिहायचं आहे. कारण हे वाक्य ऐकायला दयेचं आहे, पण त्या प्राण्यासाठी ती मरणाची शिक्षा आहे.

गिनीपिग आहे तरी कोण?

नावात गिनी आहे, पण हा आफ्रिकेतल्या गिनी देशाचा नाही. नावात पिग आहे, पण हा डुकराच्या कुळातलाही नाही. उंदीर, खार, साळिंदर यांच्यासारखा हा कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला, आजच्या पेरू-बोलिव्हियाकडचा. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही मुख्यतः खाण्यासाठी. पुढे युरोपात तो हौसेचा प्राणी झाला आणि प्रयोगशाळेतही गेला. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्यामागच्या प्रयोगांत गिनीपिग होते. आपण शाळेत दरवर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतो, तो याच तारखेवरून. 'आमचा गिनीपिग केला' असं आपण बोलताना म्हणतो, तेही या प्रयोगांमुळेच.

आता महत्त्वाचं. आज लोक पाळतात तो गिनीपिग जगात कुठल्याच जंगलात राहत नाही. त्याचे जंगली भाऊबंद आहेत, पण हा स्वतः पूर्णपणे घरातला प्राणी आहे. जशी आपली शेळी, जशी गाय. त्यामुळे 'त्याला निसर्गात परत सोडलं' हे म्हणणंच चूक आहे. परत जायला त्याचं जंगल मुळात नाहीच.

ताम्हिणीच्या जंगलात त्याचं काय होतं?

ताम्हिणी घाट अभयारण्य २०१३ साली जाहीर झालं. इथे शेकरू आहे, भेकर आहे, बिबट्या आहे. रानमांजर, मुंगूस, घोणस, शिकरा, घुबड हे सगळे आहेत. आता या रानात एक पांढरा-तपकिरी ठिपक्यांचा, शेपूट नसलेला, सात-आठशे ग्रॅमचा जीव सोडा. त्याला झाडावर चढता येत नाही. उंच उडी मारता येत नाही. तो स्वतः बीळ खणत नाही. घाबरला की पुष्कळदा पळायच्या ऐवजी जागेवर थिजून बसतो. त्याचा रंग गवतात लपत नाही. तुम्हीच सांगा, किती तास?

आणि शिकाऱ्याने नाही गाठलं तरी पाऊस आहेच. आमच्याकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. दिवसदिवस सूर्य दिसत नाही. गिनीपिगला ओल आणि गारठा अजिबात सोसत नाही. श्वसनाचा आजार झाला तर तो फार लवकर जातो.

मागच्या एका पावसाळ्यात सोमवारी सकाळी चौथीतला एक मुलगा खोक्यात काहीतरी घेऊन वर्गात आला. वरून आईची जुनी साडी. रस्त्याकडेच्या एका बंद टपरीखाली त्याला हा जीव सापडला होता. भिजून लगदा झालेला, थरथरत होता. मुलं भोवती जमली. "सर, ह्ये कशाचं पिल्लू हाय?" मी म्हटलं, "पिल्लू नाही, हा एवढाच असतो. गिनीपिग म्हणतात. कुणीतरी सोडून गेलेलं दिसतंय." त्यावर आमच्या धनगरवाड्यावरची एक मुलगी सहज बोलून गेली, "सोडून गेलं म्हंजे? आमची एक शेळी सांच्याला आली न्हाई तरी आबा बॅटरी घेऊन रानात जात्यात."

त्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं ते मला शंभर ओळींत सांगता येणार नाही. जनावर पाळणाऱ्या घरात 'मोकळं सोडणं' याचा अर्थ सकाळी चरायला सोडणं आणि संध्याकाळी मोजून आत घेणं असा असतो. गोठ्यातलं जनावर रानात सोडून घरी जाऊन झोपणाऱ्याला आमच्याकडे कुणी दयाळू म्हणणार नाही.

त्या गिनीपिगला आम्ही कोरडं केलं आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवलं. नंतर पुण्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने तो घेतला. त्यांच्याकडे आधीच एक होता. मुलांचा तो आठवडा मात्र पूर्ण त्याच्यातच गेला.

लोक सोडून का देतात?

याचं उत्तर बहुतेक वेळा गणितात आहे. दुकानात 'जोडी' म्हणून विकतात. नर-मादी ओळखणं सोपं नसतं, आणि 'दोन्ही माद्याच आहेत' असं सांगितलेलं बऱ्याचदा खोटं ठरतं. मादी साधारण दोन महिने गाभण राहते. एका वेळी दोन ते चार पिल्लं होतात. पिल्लं जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात आणि पहिल्याच दिवशी पळायला लागतात. व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. आणि मादी पिल्लू महिना-दीड महिन्याचं झालं की तेही गाभण राहू शकतं.

चौथी-पाचवीच्या मुलांना हे गणित घाला. वर्षात पाच वेळा, दर वेळी तीन पिल्लं धरली तर एकट्या आईची पंधरा. त्यात पिल्लांची पिल्लं मोजलेलीच नाहीत. वाढदिवसाला आणलेली 'जोडी' वर्षभरात फ्लॅटच्या बाल्कनीत मावत नाही. मग रविवारची ट्रिप ठरते.

दुसरं कारण आयुष्य. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. दुसरीतल्या मुलासाठी आणलेला प्राणी ते मूल सातवी-आठवीत जाईपर्यंत घरात असतो. मुलाची हौस मात्र पहिल्या सहामाहीतच संपते. म्हणून मुलाच्या हट्टाला हो म्हणण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःला विचारावं, की हा प्राणी मी सांभाळणार आहे का? कारण शेवटी सांभाळणार तुम्हीच आहात.

सापडला तर काय करायचं?

समजा तुम्हाला किंवा तुमच्या विद्यार्थ्याला असा गिनीपिग सापडला. किंवा ओळखीच्या कुणाला तो नको झालाय आणि तुम्ही घेताय. तर एवढं नक्की करा.

१. आधी कोरडं आणि शांत ठिकाण द्या. खोक्यात जुनं सुती कापड घाला, लपायला एक कोपरा करा. मांजर-कुत्र्यापासून लांब ठेवा. उन्हाळा असेल तर सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा. याला थंडी सोसत नाही तशी उष्णताही सोसत नाही. पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी तो मरू शकतो.

२. खायला मुख्यतः गवत. वाळलेलं, स्वच्छ, बुरशी न आलेलं गवत दिवसरात्र समोर हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. फवारणी केलेल्या बांधावरचं गवत देऊ नका. भात, पोळी, बिस्किट, दूध, कांदा, लसूण, बटाटा यातलं काहीही नको.

३. रोज क जीवनसत्त्व. माणसाप्रमाणेच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिश या शास्त्रज्ञांना हे प्राणी नुसत्या धान्यावर ठेवल्यावर स्कर्व्ही झालेली दिसली, आणि त्यातूनच पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागायला मदत झाली. म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड, थोडी कोथिंबीर आणि अधूनमधून पेरूचा लहान तुकडा द्या. पेरू देशाच्या पाहुण्याला आपल्या मातीतला पेरू! मुलांना ही गोष्ट कायमची लक्षात राहते.

४. एकटा ठेवू नका, पण नर-मादी एकत्रही ठेवू नका. हा कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे. दोन माद्या एकत्र चांगल्या राहतात. सशाबरोबर मात्र ठेवू नये. दोघांसाठी निदान आठ-दहा चौरस फूट जागा हवी, आणि खाली तारेची जाळी नको. जाळीने पायांना जखमा होतात.

५. मनाने औषध देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही आपल्या घरात सहज सापडणारी औषधं गिनीपिगसाठी जीवघेणी आहेत. अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नाही तर वाट न बघता पशुवैद्यांकडे न्या. त्याच्या कातडीवर बुरशी असेल तर ती मुलांनाही लागू शकते, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे.

तुम्हाला सांभाळणं शक्य नसेल तरी हरकत नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवा. पुण्यात २००७ पासून रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट काम करते. नवीन घर शोधून देणं हीसुद्धा सुटकाच आहे.

आता उलट बाजू

फक्त शहरातल्या लोकांना बोल लावून चालणार नाही. आमच्याकडे याच्या बरोबर उलटं घडतं. गवत कापताना रानसशाची पिल्लं दिसतात आणि 'आई सोडून गेली' असं समजून मुलं त्यांना घरी आणतात. खरं म्हणजे रानसशाची मादी पिल्लांना गवतात लपवूनच ठेवते आणि दूध पाजण्यापुरती येते. ती सतत जवळ बसत नाही, कारण तिच्या वासाने शिकारी यायला नकोत. म्हणजे आपण वाचवायला गेलो आणि पिल्लू पळवून आणलं! शिवाय रानससा, पोपट, खार हे वन्यजीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना घरात ठेवता येत नाही. असं पिल्लू दिसलं तर हात न लावता लांब व्हायचं. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

घरातलं जंगलात नेऊन सोडायचं आणि जंगलातलं घरात आणून कोंडायचं, या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आपण आपल्याला काय बरं वाटतं ते बघतो. त्या जीवाचं घर कुठलं, हे विचारत नाही.

शाळेत प्राणी पाळावा का?

काही शिक्षक मित्र म्हणतात, वर्गात एखादा लहान प्राणी ठेवला तर मुलांना दया शिकवता येईल. हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला कोण बघणार? मे महिन्यात? चाळीस मुलांच्या गोंगाटात हा भित्रा प्राणी सतत घाबरलेला राहणार, आणि एखाद्या दिवशी हातातून पडून त्याचं हाड मोडणार. एका जिवाला त्रास देऊन दयेचा पाठ होत नाही. आपल्या मुलांच्या घरी शेळ्या, कोंबड्या, गाई-म्हशी आहेत. परिसर अभ्यासाच्या तासाला त्यांच्याबद्दलच बोलतं करा. कोण पाणी पाजतं, आजारी पडल्यावर काय करता, रात्री कोण मोजतं? दयेचा अर्थ त्यातूनच कळेल.

आपल्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीला नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. प्राणिमात्रांशी दयेने वागणं त्यात आहे. पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील असा टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये. घाटात भजीची एक प्लेट त्याहून महाग पडते. म्हणजे दंडाच्या धाकाने हे थांबणार नाही. मुलांना समजलं तर थांबेल, कारण गाडीतून उतरून खोकं खाली ठेवणाऱ्या बाबांचा हात धरणारं मूल मागच्या सीटवरच बसलेलं असतं.

म्हणून शिक्षकांनो, या आठवड्यात एक तास द्या. फळ्यावर तीन रकाने करा : घरातले प्राणी, शेतावरचे प्राणी, रानातले प्राणी. मुलांना नावं भरू द्या. मग प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा, 'हा जागा चुकला तर त्याचं काय होईल?' पालकांनो, तुम्ही हा प्रश्न दुकानात शिरायच्या आधी विचारा. आणि ताम्हिणीला जरूर या, पाऊस बघा, कणीस खा. जाताना मात्र सोबत आणलेलं सगळं परत न्या. कचराही आणि जीवही.