अनवाणी गाणारी

दिवाळीच्या अंकात काही तरी खुसखुशीत लिहावे, असा आमच्या संपादकांचा दरवर्षीचा आग्रह असतो. पण खुसखुशीत लिहिणारे या अंकात पुष्कळ आहेत. त्यांच्या ताटातली चकली पळवण्याची मला हौस नाही. मी आज एका बाईची हकीकत सांगणार आहे. ही बाई सोळाव्या वर्षापासून गात होती, आणि जगाने तिला ऐकले ते तिची पन्नाशी उलटल्यावर. मधल्या काळात तिचा आवाज अगदी तसाच राहिला होता असे नव्हे. तो थोडा जाड झाला होता, दारूने आणि सिगारेटीने थोडा भाजला होता. पण गाणे तेच होते. मग इतकी वर्षे जगाचे कान कुठे होते, हा प्रश्न तिची तबकडी लावली की मला हटकून पडतो.

तिचे नाव सेझारिया एव्होरा. गावातले लोक तिला नुसते ‘सिझे’ म्हणत.

गाव म्हणजे मिंदेलो. नकाशात ते शोधावयाचे तर आफ्रिका खंडाचा पश्चिमेकडचा फुगवटा धरावा, तिथून अटलांटिक महासागरात सुमारे सहाशे किलोमीटर आत जावे. तिथे दहा बेटांचा एक पुंजका आहे, त्याचे नाव केप व्हर्द. ‘व्हर्द’ म्हणजे हिरवे, पण त्या नावावर जाऊ नका. बहुतेक बेटे उघडी-बोडकी, पाऊस येईल तेव्हा खरा. दहाही बेटांची जमीन एकत्र केली तर आपल्या गोव्याहून थोडी अधिक भरेल, आणि वस्ती सगळी मिळून पाच लाखांच्या आसपास. गोव्याची आठवण उगाच काढली नाही. जे पोर्तुगीज मांडवीच्या काठी साडेचारशे वर्षे ठाण मांडून बसले, तेच या बेटांचेही धनी. पंधराव्या शतकात ते तिथे उतरले तेव्हा बेटांवर माणूस नव्हता. मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले गेले, आणि धनी व गुलाम यांच्या मिश्रणातून एक नवी प्रजा आणि एक नवी बोली जन्माला आली. या क्रिओल बोलीतच सेझारिया आयुष्यभर गायली.

मिंदेलोला देवाने दोन गोष्टी दिल्या नाहीत, पाणी आणि माती. पण एक गोष्ट सढळ हाताने दिली, ती म्हणजे बंदर. वाफेची जहाजे आली तेव्हा इंग्रजांनी इथे कोळशाच्या वखारी घातल्या. युरोपातून दक्षिण अमेरिकेकडे जाणारे जहाज इथे थांबावयाचे, कोळसा भरावयाचे आणि पुढे जावयाचे. जिथे जहाजे तिथे खलाशी, जिथे खलाशी तिथे गुत्ते, आणि जिथे गुत्ते तिथे गाणे. पुढे जहाजे कोळसा सोडून तेलावर चालू लागली, वखारींना उतरती कळा लागली. गुत्ते मात्र राहिले आणि गाणेही राहिले.

या गाण्याला ‘मोर्ना’ म्हणतात. संथ, रेंगाळणारे, गिटार आणि कवाकिन्यू नावाच्या चार तारांच्या चिमुकल्या वाद्यावर चालणारे. कधी साथीला व्हायोलिन, कधी क्लॅरिनेट. ज्यांनी गोव्यातल्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती घरात रात्री उशिरा मांडो ऐकला असेल, त्यांना मोर्नाचा स्वभाव सांगावा लागणार नाही. मला तरी ही दोन गाणी दूरच्या बहिणी वाटतात. एकीच्या घरी घुमट वाजते, दुसरीच्या घरी गिटार, पण उसासा एकाच घराण्याचा.

सेझारिया 27 ऑगस्ट 1941 रोजी मिंदेलोत जन्मली. ती वर्षे त्या बेटांवर भीषण दुष्काळाची होती; त्या दशकात दोनदा अन्न तुटले आणि हजारो माणसे भुकेने मेली. परक्या सरकारला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. बाप वाजवणारा होता. पोर सात वर्षांची असताना तो वारला. आई लोकांच्या घरी स्वयंपाक करी. मुलांची पोटे तिच्याने भरेनात, तेव्हा दहा वर्षांच्या सिझेला तिने अनाथाश्रमात ठेवले. जिवंत आईची मुलगी अनाथ म्हणून वाढली. या वाक्यापुढे मला काही लिहिता येत नाही, तेव्हा पुढे जातो.

सोळाव्या वर्षी एका गिटारवाल्या मित्राच्या आग्रहाने ती खलाशांच्या गुत्त्यात गाऊ लागली. बिदागी काय? कधी चार नाणी, पुष्कळदा नुसता एक पेला. श्रोत्यांनी पाजावे आणि तिने गावे, असा रिवाजच पडला. पुढे बंदरात पोर्तुगीज प्रवासी बोटी लागत, त्यांवरही ती गाई. गावच्या नभोवाणीवर गाई. नभोवाणीवरची ती ध्वनिमुद्रणे फार वर्षांनी, 2008 साली, एकत्र करून प्रसिद्ध झाली. मी ती मुद्दाम ऐकली. विशीतल्या मुलीचा आवाज, कोवळा, स्वच्छ, पण शब्द टाकण्याची ती बेफिकीर, जराशी मागे रेलणारी तऱ्हा तेव्हाही पुरती तयार होती. कोणी कान दिला असता तर त्याच वेळी कळण्यासारखे होते.

मग 5 जुलै 1975 रोजी केप व्हर्द स्वतंत्र झाले. ज्यासाठी अमिल्कार काब्राल यांच्यासारख्या पुढाऱ्याने 1973 साली प्राण दिले, ते स्वातंत्र्य आले. आणि मोठी चमत्कारिक गोष्ट अशी की याच सुमारास सिझेचे गाणे बंद पडले. यात कोणाचा द्वेष नव्हता, कोणी बंदी घातली नव्हती. पोर्तुगीज गेले, त्यांच्या बोटी गेल्या, बोटींबरोबर पैसा गेला. राजधानी दुसऱ्या बेटावर, प्राइयाला; मिंदेलोची रया उतरली. देशाला अन्नधान्याची आणि नोकऱ्यांची चिंता, गुत्त्यातल्या गाणारणीची चिंता कोणाला? स्वातंत्र्याच्या इतिहासात अशा माणसांसाठी पान ठेवीत नाहीत, आणि त्यात इतिहासकारांचाही फारसा दोष नाही. गाऊन पोट भरत नाही, दोन मुलांना वाढवावयाचे आहे, घरात पुरुष टिकलेला नाही, अशा अवस्थेत ती आईच्या घरी जाऊन बसली. सुमारे दहा वर्षे ती जाहीरपणे गायली नाही. प्यायली मात्र पुष्कळ. ही वर्षे ती स्वतः काळोखाची म्हणून ओळखी.

आपल्या चित्रपटांत असल्या जागी एक वीज कडाडते आणि नायिकेचे नशीब फळफळते. इथे तसे काही झाले नाही. 1985 साली केप व्हर्दच्या स्त्री-संघटनेने गायिकांच्या गाण्यांचा एक संग्रह काढावयाचे ठरवले, तेव्हा सेझारियाला लिस्बनला बोलावणे आले. ती गेली, गायली, परत आली. लिस्बनमध्ये बाना नावाचा तिच्याच बेटावरचा थोर गायक उपाहारगृह चालवी. पुढे तिथेही ती गाऊ लागली. आणि तिथे 1987 साली जुझे दा सिल्व्हा नावाच्या एका तरुणाने तिला ऐकले. हा कोणी तबकड्यांच्या कंपनीचा बडा व्यवस्थापक असेल असे वाटेल. छे! तो केप व्हर्दचाच पोरगा, फ्रान्समध्ये वाढलेला, आणि नोकरी फ्रेंच रेल्वेत सांधेवाल्याची. गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या माणसाने एका बाईच्या आयुष्याचा सांधा बदलला, असे लिहिण्याचा मोह मी आवरला होता; पण दिवाळी आहे, एवढे चालेल.

दा सिल्व्हाने तिला पॅरिसला आणले. 1988 साली पहिली तबकडी निघाली, तिचे नाव ‘अनवाणी सम्राज्ञी’ अशा अर्थाचे फ्रेंच. पण तो काळ विजेच्या वाद्यांचा. नाचता येईल असे संगीत असले तरच खपेल या समजुतीने तिच्या आवाजाभोवती यंत्रांचा गलबला उभा केला गेला. तबकडी आपल्या देशबांधवांत चालली, बाहेर कोणी फारसे विचारले नाही. अक्कल यायला तीन वर्षे गेली. 1991 साली ‘मार अझूल’, म्हणजे निळा समुद्र, या तबकडीत यंत्रे बाजूला ठेवली आणि गिटार, कवाकिन्यू पुढे आले. म्हणजे मिंदेलोच्या गुत्त्यात जशी गात असे तशीच तिला गाऊ दिले. बस, एवढेच करावयाचे होते! 1992 च्या ‘मिस पर्फुमादू’ने तर बांध फुटला. तिच्या तीन लाखांवर प्रती गेल्या. 1993 साली पॅरिसच्या ओलिंपिया नाट्यगृहात, जिथे एदित पियाफ गाजली होती, तिथे ही बावन्न वर्षांची होऊ घातलेली बाई उभी राहिली. मग अमेरिका, जपान, रशिया, सगळीकडे. 2004 साली ‘व्होझ द अमोर’ या तबकडीला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

‘मिस पर्फुमादू’ हे शीर्षकगीत बी. लेझा या थोर मोर्नाकाराचे, पण त्या तबकडीतले जगभर झाले ते दुसरेच गाणे, ‘सोदाद’. या शब्दाला हुरहूर म्हणावे, की विरह, की घरची ओढ? तिन्ही थोडे थोडे बरोबर. दुष्काळाने गांजलेली माणसे कंत्राटी मजूर म्हणून दूरच्या साऊं तोमे बेटावर कोकोच्या मळ्यांत जात. त्यांतली किती परत येतील याचा भरवसा नसे. त्या बोटीच्या वाटेचे ते गाणे. कोकणातून मुंबईच्या बोटीवर चढलेल्या चाकरमान्याच्या घरी ते समजावून सांगावे लागणार नाही. केप व्हर्दची आज जितकी माणसे बेटांवर राहतात, त्यांहून अधिक परदेशी आहेत म्हणतात. गाणे रचणारा आर्मांदू झेफेरीनू सुवारिश हा एक दुकानदार होता. गाणे मोठे झाले तसे त्यावर दुसरीच नावे लागली, वाद झाला, आणि आपले गाणे आपले आहे हे मान्य करून घेण्यात त्याचे म्हातारपण आले. गाणारणीला पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली म्हणून मी हळहळतो आहे, पण निदान तिच्या आवाजावर दुसऱ्याचे नाव कोणाला लावता येत नव्हते.

आता पायांविषयी. ती रंगमंचावर अनवाणी येई, आणि यावरून विद्वानांनी बरेच शोध लावले. कोणी म्हणे, ही गरिबांविषयीची सहानुभूती. कोणी म्हणे, पोर्तुगीज अमलात अनवाणी माणसाला पदपथावर चालू देत नसत, त्याचा हा निषेध. असेलही. तिला विचारले की ती मात्र साधेच उत्तर देई, की आपल्याला वहाणा सोसत नाहीत. मला हे उत्तर फार आवडते. माणूस मोठा झाला की त्याच्या सवयींना तत्त्वज्ञान चिकटवण्याची आपल्याला घाई होते. कार्यक्रमाच्या मध्यावर ती सरळ एका टेबलाशी बसे, सिगारेट पेटवी आणि वाद्यवृंद वाजत राही. हजारो माणसे तिचे झुरके संपण्याची वाट पाहत. कधी काळी पेल्यासाठी गाणाऱ्या बाईला हा अधिकार कोणी दिला नव्हता; तिने तो घेतला. दारू तिने 1990 च्या दशकात सोडली. सिगारेट काही सुटली नाही.

पैसा आला, तेव्हा पॅरिसमध्ये बंगला घेऊन राहता आले असते. तिने मिंदेलोतच मोठे घर बांधले आणि त्याचे दार उघडे ठेवले. दौऱ्यावरून आली की मका आणि घेवड्याची ‘काशूपा’ चुलीवर चढे आणि येणारा जाणारा जेवून जाई. परदेशी पत्रकार मुलाखतीला येत तेव्हा त्यांनाही आधी पान वाढले जाई, असे म्हणतात. दुष्काळात जन्मलेल्या माणसाचा भरल्या पातेल्यावर फार जीव असतो. 2003 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने तिला आपली प्रतिनिधी नेमले. अशा नेमणुका शोभेच्या असतात हे मलाही ठाऊक आहे. पण भूक म्हणजे काय हे हिला कोणी टिपण लिहून द्यावे लागले नसेल.

शरीराने मात्र सगळा जुना हिशेब ठेवला होता. 2008 साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. ती उठली आणि पुन्हा गाऊ लागली. 2010 साली हृदयावर शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर 2011 मध्ये तिने गाणे थांबवल्याचे जाहीर केले आणि 17 डिसेंबर रोजी, सत्तराव्या वर्षी, मिंदेलोतच ती गेली. सरकारने राष्ट्रीय दुखवटा पाळला. पुढच्याच वर्षी तिच्या बेटावरच्या विमानतळाला तिचे नाव दिले गेले. जे बेट बोटीने सोडून जाण्याविषयी तिची निम्मी गाणी होती, तिथे आता उतरताना प्रथम तिचेच नाव वाचावे लागते.

2019 साली युनेस्कोने मोर्नाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याआधी, 2014 साली, केप व्हर्दने दोन हजार एस्कुदोंची नवी नोट काढली; तिच्यावर सिझेचे चित्र आहे. ही नोट मोडून उसाच्या दारूचे किती पेले येतात, हे मिंदेलोच्या जुन्या गुत्तेवाल्यांनी पहिल्याच दिवशी मोजले असणार.