दोन विजय, चौदा पराभव : एका हंगामाचे वाचन

'संक्रमणकाळ' हा शब्द आपल्या वाङ्मयेतिहासात इतका सवयीचा झाला आहे की, तो वापरताना आपण नेमके काय करतो याकडे लक्षच राहत नाही. एखादा काळ संक्रमणाचा होता असे म्हणणे म्हणजे त्यानंतर काय आले ते आपल्याला ठाऊक आहे, असे सांगणे. त्या काळात जगणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांना ते ठाऊक नव्हते. महादेव मोरेश्वर कुंटे यांचे 'राजा शिवाजी' १८६९ साली आले, तेव्हा केशवसुत अक्षरओळखीच्या वयाचेही नव्हते. तरी वर्गात कुंट्यांची ओळख करून दिली जाते ती 'केशवसुतपूर्व' या खणात बसवूनच. कुंट्यांनी आपले काव्य कुणाच्या 'पूर्वी'चे म्हणून लिहिले नव्हते, ही साधी गोष्ट त्या खणात मावत नाही.

हा प्रश्न आम्हांला येथे साहित्याबाहेरच्या एका उदाहरणावर घासून पाहायचा आहे. साहित्यात 'पराभव' कशाला म्हणावे यावरच वाद होतात. खेळात तो आकड्यांत नोंदलेला असतो. त्यामुळे एखादा हरलेला हंगाम पुढच्या यशाची 'तयारी' होता, असे कुणी म्हटले, तर ते कितपत खरे हे तपासता येते. उदाहरण आहे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा १९७९चा हंगाम. (हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. येथे लांबोडका चेंडू हाताने फेकत किंवा काखोटीला मारून धावत, चार प्रयत्नांत दहा यार्ड अशा हप्त्यांनी पुढे न्यायचा असतो. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. एवढी माहिती पुढच्या विवेचनाला पुरेशी आहे.)

१९७८ साली या संघाने सोळांपैकी दोन सामने जिंकले व चौदा गमावले. तीन हंगामांत चार प्रशिक्षक बदलून झाले होते. १९७९च्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांना आणण्यात आले. त्यांच्या पहिल्या हंगामाचा निकाल : दोन विजय, चौदा पराभव. १९८० साली सहा विजय, दहा पराभव. १९८१ साली तेरा विजय, तीन पराभव. आणि २४ जानेवारी १९८२ रोजी सिनसिनाटी बेंगल्सचा २६-२१ असा पराभव करून 'सुपर बोल'चे अजिंक्यपद. हा सिनसिनाटी संघ म्हणजे जेथे वॉल्श यांनी आठ वर्षे साहाय्यक म्हणून काढली आणि १९७६ साली ज्याचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांना नाकारले गेले तोच. कादंबरीकाराने असा शेवट लिहिला असता, तर समीक्षकांनी त्याला योगायोगाच्या आहारी गेल्याबद्दल झोडपले असते.

या क्रमाचे प्रचलित वाचन असे : १९७९ हे पेरणीचे वर्ष, १९८१ हे सुगीचे. वॉल्श यांचे २००७ साली निधन झाले, आणि २००९ साली त्यांच्या नावावर 'द स्कोअर टेक्स केअर ऑफ इटसेल्फ' हे पुस्तक निघाले. टेलिफोन कसा घ्यावा, सरावाच्या वेळीही शर्ट कसा खोचलेला असावा, इथपर्यंत शिस्त लावा. धावफलक आपला आपण सुधारेल, हा त्याचा रोख. व्यवस्थापनाच्या क्षेत्रात ते पुस्तक आवडीने वाचले जाते, यात नवल नाही. चौदा पराभवांचे वर्ष त्यात यशोगाथेचे पहिले प्रकरण होते.

आमची हरकत या वाचनाला आहे. पण ती नोंदवण्यापूर्वी त्यातला खरा भाग मान्य करायला हवा. १९७८ साली या संघाने हंगामभरात २१९ गुण केले होते, १९७९ साली ३०८ केले. विजयांची संख्या तीच, पण गुण एकोणनव्वदांनी अधिक. म्हणजे निकालाच्या रकान्यात काहीही हललेले नसताना संघाची खेळण्याची रीत मात्र पार बदलली होती. ही रीत कोठून आली, हे मोठे उद्बोधक आहे. १९७० साली सिनसिनाटीत वॉल्श यांच्या हाती आलेला क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर हा हुशार व अचूक होता, पण त्याच्या हातात लांब फेकीचे बळ नव्हते. तेव्हा लांब फेकीऐवजी आखूड, नेमक्या वेळी सुटणाऱ्या, आडव्या पसरत जाणाऱ्या फेकींची रचना वॉल्श यांनी बांधली. पुढे 'वेस्ट कोस्ट ऑफेन्स' म्हणून गाजलेली शैली एका उणिवेतून निपजली ती अशी. सामन्याच्या आरंभीचे डाव आधीच क्रमवार लिहून ठेवायचे, ही त्यांची दुसरी रीत. खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वीच पहिल्या अंकाची संहिता तयार असे.

आता दुसरी बाजू. १९७९ साली या संघावर प्रतिस्पर्ध्यांनी ४१६ गुण केले. आदल्या, तितक्याच वाईट वर्षी हा आकडा ३५० होता. १९८० साली तो ४१५ राहिला. आणि १९८१ साली एकदम २५०. संघाने स्वतः केलेले गुण मात्र १९८० साली ३२० आणि १९८१ साली ३५७, म्हणजे वाढ केवळ सदतिसांची. सहा विजयांचे तेरा झाले त्याचे प्रमुख कारण आक्रमणात नाही, बचावात आहे. आणि तो बचाव ज्यांनी उभा केला ते रॉनी लॉट, एरिक राइट, कार्लटन विल्यमसन, फ्रेड डीन, जॅक रेनल्ड्स हे सर्व १९८१ सालीच संघात आले. १९७९च्या पराभवांतून ते काही शिकले नव्हते, कारण ते तेथे नव्हतेच. ज्या वर्षाला आपण पेरणी म्हणतो त्या वर्षी अर्धे बियाणे गावातही आलेले नव्हते! शिवाय १९७८ साली लीगने नियम बदलून बचावपटूंचे हात बांधले आणि चेंडू फेकणाऱ्यांचे काम सोपे केले, ही गोष्ट एकट्या वॉल्श यांच्या प्रज्ञेच्या खाती जमा करता येत नाही. अडीच वर्षांच्या त्या क्रमात योजना होती, अचूक जाण होती, तशीच बरीच बाहेरून आलेली अनुकूलताही होती. मागे वळून पाहणारे निवेदन यांतले पहिले दोन ठेवते आणि तिसरे गाळते. आपणही वाङ्मयप्रवाह शिकवताना हेच करतो : मुद्रणालये, नियतकालिके, अभ्यासक्रम मागे पडतात आणि प्रतिभांची मालिका तेवढी उरते.

वॉल्श यांना तरी आपण संक्रमणात आहोत हे ठाऊक होते का? १९८०चा हंगाम सलग तीन विजयांनी सुरू झाला आणि मग सलग आठ पराभव आले. त्यांत डॅलसला झालेला ५९-१४ हा एक होता. आठवा पराभव मायामीत झाला. तेथून परतताना विमानात आपण रडलो आणि पद सोडण्याचा विचार केला, असे वॉल्श यांनीच सांगितले आहे. धावफलक आपला आपण सुधारेल, या भरवशावरचा माणूस असा रडत नाही. आम्हांला पुस्तकाच्या शीर्षकापेक्षा हा विमानप्रवास अधिक विश्वसनीय वाटतो. शेवट ठाऊक नसलेल्या माणसाचे ते वागणे आहे.

शेवट ठाऊक नसताना लिहिणे शक्य असते, याचा दाखला त्याच किनाऱ्यावर, त्याच वर्षीचा आहे. डेव्हिड हॅलबरस्टॅम १९७९-८०च्या हंगामात पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या बास्केटबॉल संघाबरोबर फिरले आणि १९८१ साली त्यांनी 'द ब्रेक्स ऑफ द गेम' प्रसिद्ध केले. तो संघ १९७७ साली अजिंक्य ठरला होता. हॅलबरस्टॅम यांच्या वाट्याला आला तो ३८ विजय व ४४ पराभवांचा, दुखापतींचा, पैशाच्या कुरबुरींचा हंगाम. त्या पुस्तकात प्रत्येक माणूस स्वतःच्या वर्तमानात उभा आहे, कुणाच्याही पूर्वपीठिकेत नाही. क्रीडालेखनाकडे नाक मुरडणाऱ्या आमच्या प्राध्यापक मित्रांनी ते एकदा वाचावे. (एप्रिल २००७मध्ये हॅलबरस्टॅम मोटार अपघातात गेले, ते वाय. ए. टिटल यांच्या मुलाखतीला जाताना. आणि टिटल हे याच फोर्टीनायनर्सचे जुने क्वार्टरबॅक.)

आता एक सामना. २८ ऑक्टोबर १९७९, कँडलस्टिक पार्क. फोर्टीनायनर्स शिकागो बेअर्सकडून २८-२७ असे हरले. १० जानेवारी १९८२, तेच मैदान. फोर्टीनायनर्स डॅलस काउबॉइजविरुद्ध २८-२७ असे जिंकले. अखेरचे मिनिटही उरले नव्हते तेव्हा जो मोंटानाने फेकलेला चेंडू ड्वाइट क्लार्कने उंच उडी घेऊन टिपला. त्या क्षणाला 'द कॅच' असे नाव मिळाले, त्याची छायाचित्रे जगभर गेली, आणि कँडलस्टिक पार्क २०१५ साली पाडले गेल्यानंतरही तो क्षण शाबूत आहे. पहिल्या सामन्याला नाव नाही. आकडे तेच, एका गुणाचे अंतर तेच. फरक एवढाच की, एक सामना गोष्टीच्या शेवटाजवळ पडला आणि दुसरा मध्ये. मधल्या गोष्टींचे हे असेच होते.

हरणाऱ्या संघालाही व्यवस्थेने एक सांत्वन ठेवलेले असते. या लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड करण्याचा पहिला मान सर्वांत वाईट संघाला मिळतो. पराभवाचे मोल भविष्यात चुकते करण्याची ही संस्थात्मक सोय म्हणजे 'संक्रमण' या कल्पनेचा कारखानाच. गंमत अशी की, १९७९ साली पहिल्या निवडीचा तो मान फोर्टीनायनर्सकडे नव्हता. आदल्या वर्षी ओ. जे. सिम्पसन या उतरत्या वयाच्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या तारांकित खेळाडूसाठी त्यांनी तो बफलो संघाला देऊन टाकला होता. बफलोने त्या हक्काने ज्याला निवडले तो टॉम कझिनो कॅनडात खेळायला निघून गेला. आणि फोर्टीनायनर्सना मोंटाना मिळाला तो ब्याऐंशीव्या क्रमांकावर, क्लार्क दोनशे एकोणपन्नासाव्या. सिम्पसन यांचा तो अखेरचा हंगाम ठरला.

मोंटाना १९७९ साली जवळजवळ खेळलाच नाही. सबंध हंगामात त्याने तेवीस चेंडू फेकले. मग ते चौदा पराभव कोण खेळले? क्वार्टरबॅक स्टीव्ह डीबर्ग. त्या हंगामात त्याने ५७८ वेळा चेंडू फेकला आणि ३४७ वेळा तो आपल्या माणसाच्या हाती पोहोचवला. दोन्ही आकडे तोवरच्या लीगच्या इतिहासात सर्वाधिक होते (पुढच्याच वर्षी सॅन डिएगोच्या डॅन फाउट्सने ते मागे टाकले). वॉल्श यांची नवी रीत मैदानावर प्रथम राबवली ती डीबर्गने. गुणांमध्ये पडलेली ती एकोणनव्वदांची भर प्रामुख्याने त्याच्या हातून आली. त्याच्या एकवीस फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या, हेही खरे. १९८० साली घसा बसलेला असताना आपल्या सहकाऱ्यांना इशारे ऐकू जावेत म्हणून अंगावर ध्वनिक्षेपक बांधून तो मैदानात उतरला. त्याच हंगामात त्याची जागा मोंटानाने घेतली.

'१९७९ हा संक्रमणाचा हंगाम होता' या वाक्याला आमचा आक्षेप आहे तो डीबर्गमुळे. हे वाक्य संघाच्या बाजूने खरे आहे, वॉल्श यांच्या आणि मोंटानाच्या बाजूने खरे आहे. डीबर्गच्या बाजूने ते खोटे आहे, कारण तो कशातून कशात गेला? आयुष्यातल्या सर्वाधिक श्रमाच्या हंगामाचा अर्थ दुसऱ्याच्या चरित्रात जमा झाला. संस्था, परंपरा, प्रवाह यांना संक्रमण असते. माणसाला एक वर्ष असते आणि ते तो वापरून टाकतो. साहित्याचा इतिहास प्रवाहांचा लिहायचा की माणसांचा, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. प्रवाहांचा लिहिणाऱ्यांनी निदान एवढे करावे की, ज्यांच्या खांद्यावरून प्रवाह पुढे गेला त्यांची नोंद करताना वाक्याचा कर्ता त्यांनाच ठेवावे.

डीबर्ग १९८१ साली डेन्व्हरला गेला. तेथे १९८३ साली जॉन एल्वे आला. मग तो टॅम्पा बे संघात गेला. तेथे १९८५ साली स्टीव्ह यंग आणि १९८७ साली विनी टेस्टावर्डी आले. १९९० साली कॅन्सस सिटीकडून खेळताना त्याच्या तेवीस फेकी थेट टचडाउनच्या ठरल्या आणि अवघ्या चार प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या. १९७९ सालच्या मानाने हे फारच वेगळे चित्र होते, आणि या वेळी ते त्याच्या स्वतःच्या नावावर राहिले. १९९३ नंतर तो निवृत्त झाला होता, पण १९९८ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, अटलांटा संघाने त्याला पुन्हा बोलावले. तो संघ त्या हंगामात सुपर बोलपर्यंत पोहोचला. ३१ जानेवारी १९९९ रोजी डीबर्ग अखेरीस त्या सामन्याच्या मैदानावर होता, राखीव म्हणून, सीमेबाहेर. अटलांटा ३४-१९ असा हरला. समोरच्या डेन्व्हर संघाचा क्वार्टरबॅक जॉन एल्वे होता.