जुने घड्याळ : सोन्याचे मोल नव्हे, साक्षीचे

१/ २६ ऑक्टोबर २०१७. न्यूयॉर्क. फिलिप्स या लिलावगृहात एका पोलादी मनगटी घड्याळाला १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर किंमत आली. त्यात ना सोने होते, ना हिरे. मग संग्राहकांनी एवढे द्रव्य ओतले ते कशासाठी? माझे मत असे, की जुन्या उंची घड्याळात ते चैन शोधत नाहीत. अस्सल पुरावा शोधतात. #थ्रेड

२/ ते घड्याळ होते अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स डेटोना. न्यूमनला मोटार शर्यतींचे वेड. पत्नी जोआन वुडवर्ड हिने ते भेट देताना मागच्या झाकणावर कोरून घेतले होते : ‘गाडी जपून चालव. मी.’ १९८४ मध्ये त्याने ते मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. गंमत अशी, की या धाटणीची तबकडी तिच्या काळी ग्राहकांना फारशी रुचली नव्हती. नावडती म्हणून ती थोडी विकली गेली आणि थोडी म्हणूनच पुढे दुर्मीळ ठरली.

३/ दुर्मीळपणाचे दुसरे उदाहरण पाटेक फिलिपचे. १९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या १५१८ या घड्याळाचे अवघे २८१ नग झाले, बहुतेक सोन्याचे. पोलादी मात्र चारच ज्ञात आहेत. त्यांपैकी एकाला २०१६ मध्ये जिनिव्हात सुमारे १ कोटी १० लाख स्विस फ्रँक मिळाले. येथे पोलादाने सोन्याला मागे टाकले.

४/ पण केवळ दुर्मीळपणा पुरत नाही. काळी तबकडी उन्हाने तपकिरी झाली, अंधारात चमकणारे ठिपके पिवळसर पडले, तरी जाणकार खूश असतो. तीच तबकडी नव्याने रंगवली, वा कवच घासून त्याच्या कडा बोथट केल्या, की भाव कोसळतो. राजवाड्यांनी बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्राला अधिक मान का दिला, हे ज्याला उमगले त्याला हेही उमगेल. मागाहून फिरलेला हात मजकूर सुंदर करील. साक्ष मात्र पुसून टाकील.

५/ म्हणूनच यंत्रावरचा आणि कवचावरचा क्रमांक कंपनीच्या दप्तराशी ताडून पाहतात. मूळ पावती, डबी, कोरीव अक्षरे जपतात. ही साधनचिकित्साच होय.

६/ या अस्सलतेच्या वेडात आपल्या मुंबईचे नाव मात्र हेटाळणीने घेतले जाते. रंगवलेली तबकडी आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेल्या नगाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. असा नग अस्सल म्हणून विकणे ही फसवणूकच. तिचे समर्थन नको.

७/ तरीही त्या कारागिराला सरसकट तोतया ठरवणे मला अन्यायाचे वाटते. आयातीवर निर्बंध आणि सुटे भाग मिळण्याची मारामार, अशा काळात त्याने असंख्य घड्याळे चालती ठेवली. त्याच्या गिऱ्हाइकाला लिलाव जिंकायचा नव्हता, वेळेवर कामावर पोहोचायचे होते. दुरुस्ती हाही इतिहासच. लपवलेली दुरुस्ती तेवढी खोटी.

८/ तेव्हा घरात आजोबांचे घड्याळ असेल, तर ते चकचकीत करायला देण्याआधी थांबा. आधी छायाचित्र घ्या. ते कोणी, कधी, कशासाठी घेतले ते लिहून ठेवा. दुरुस्त केलेत तर काढलेला भाग जपा. बाजारात त्याला कदाचित काहीच किंमत येणार नाही. पण ओरखडा एकदा घासला, की त्याची हकिगत सांगणारे दुसरे साधन उरत नाही.