म्यानातली भाऊबंदकी

भांडायला समोर कोणीतरी लागतं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ती ओसाकात गेली. कंपनीने मला दोन वर्षांसाठी तिकडे धाडलं (त्याला आता पाच वर्षं झाली), शनिवारची संध्याकाळ कुठे घालवावी ते कळेना, आणि घराजवळच्या सार्वजनिक व्यायामशाळेत थोडक्या वर्गणीत काहीतरी शिकवतात असं ऐकून मी ज्या वर्गात जाऊन बसलो तो निघाला इआइदोचा. इआइदो म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याची विद्या. आपल्याकडच्यासारखं तलवार परजत ‘चल ये’ वगैरे काही म्हणायचं नाही. वज्रासनात गप्प बसायचं. समोर शत्रू बसला आहे असं मानायचं. तो हलला असं वाटलं की तलवार उपसता उपसताच पहिला वार करायचा, ती डोक्यावर नेऊन दुसरा करायचा, पात्यावरचं रक्त झटकायचं आणि जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने तलवार परत म्यानात घालायची. शत्रू काल्पनिक, रक्त काल्पनिक, सरावाच्या तलवारीला धारही नसते. गुडघे तेवढे खरे दुखतात.

आणि भांडणं खरी असतात. ती शत्रूशी नसतात, चुलतभावांशी असतात.

आमचे सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, सत्तरी उलटलेले, जन्मभर पोस्टात नोकरी केलेले, आणि बोलण्याच्या बाबतीत अजून तारखात्यात असलेले गृहस्थ आहेत. शब्दागणिक पैसे पडत असावेत अशा बेताने बोलतात. माझ्या वर्गात एक युरोपियन इंजिनिअर होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण माणूस वाईट नव्हता. त्याच्याजवळ प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक तक्ता असे. त्यात चारशे वर्षांची वंशावळ होती : कोणाचा शिष्य कोण, गादीवर कितवा कोण, शाखा कुठे फुटली, सगळं रेघा मारून. एका शनिवारी कपडे बदलताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुला ठाऊक आहे का, आपले सेन्सेइ मूळ गादीच्या शाखेतले नाहीत?” दूधवाला दुधात पाणी घालतो हे शेजारणीने ज्या आवाजात सांगावं, अगदी त्या आवाजात. पुढच्या महिन्यापासून तो नदीपलीकडच्या वर्गात जाऊ लागला. चार वर्षं ज्या म्हाताऱ्याने त्याचं कोपर दर शनिवारी दोन बोटं खाली आणलं, त्याला सांगायलासुद्धा तो आला नाही.

तेव्हा हा लेख त्याच्यावर आहे. नुसता त्याच्यावर नाही. ‘तुमचे प्रमुख कितवे?’ हा प्रश्न नमस्काराच्या आधी विचारणाऱ्या सगळ्यांवर आहे, आणि त्यात जपानी माणसंही भरपूर आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की मूळ विद्या जशीच्या तशी एका ओळीत खाली आली, ती ओळ आमची, बाकीचे फाटे. मी तोच तक्ता त्याच्याकडून नकलून घेतला आणि दोन रविवार त्यावर घालवले. माझं म्हणणं असं आहे की त्या तक्त्यानेच या मंडळींचा पुरता पराभव केलेला आहे, फक्त त्यांनी तो नीट वाचलेला नाही.

मूळपुरुष हायाशिझाकी जिनसुके, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, उत्तर जपानातला. बापाचा खून झाला, पोराने देवळात अनुष्ठान मांडलं, देवाने दृष्टांत देऊन तलवार उपसण्याची विद्या दिली आणि पोराने सूड उगवला, अशी कथा आहे. यामागाता प्रांतात मुरायामा इथे त्याच्या नावाचं देऊळ आहे. इथवर ठीक. आता त्या ओळीत सातवा पाहा : हासेगावा एइशिन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत होता. पूर्वी तलवार कमरेला धार खाली करून टांगत. पुढे ती पट्ट्यात धार वर करून खोचायची रीत आली, आणि एइशिनने त्याप्रमाणे उपसण्याच्या तऱ्हाच बदलल्या, असं परंपराच सांगते. पंथाला आज नाव कोणाचं? एइशिनचं. पहिल्या सहांनी सांभाळलं, सातव्याने बदललं, आणि पाटीवर सातवा चढला.

नववा हायाशी रोकुदायू मोरिमासा. याने ही विद्या एदोहून शिकोकू बेटावर तोसा संस्थानात नेली, आजचं कोची ते. त्याचा एक शिष्य ओमोरी रोकुरोझाएमोन. या ओमोरीला गुरूने हाकलून दिलं होतं, असं सांगतात. कशाबद्दल ते जाऊ द्या. त्याने बाहेर बसून, ओगासावारा घराण्याचे दरबारी बैठकीचे रिवाज आणि तलवार यांची सांगड घालून, वज्रासनातून उपसण्याचे स्वतःचे प्रकार बांधले; ते पाहून गुरूने त्याला परत घेतलं आणि ते प्रकारही पंथात घेतले. आज जगात कुठेही या पंथाच्या वर्गात जा, पहिल्या दिवशी पहिला धडा मिळतो तो या हाकललेल्या शिष्याचा. शुद्ध परंपरेच्या नावाने जे गृहस्थ आमच्या सेन्सेइंकडे नाक मुरडतात, त्यांचे गुडघेसुद्धा ओमोरीच्या कृपेनेच सुजलेले असतात.

अकराव्या पिढीनंतर वाट फुटली. एक शाखा तानिमुरा, एक शिमोमुरा. गंमत म्हणजे ही नावं फूट पाडणाऱ्यांची नव्हेतच. पुढे एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेल्या तानिमुरा कामेनोजो आणि शिमोमुरा मोइची यांची ती. आजोबांचं भांडण नातवांच्या नावाने चालू.

मग १८६८ची क्रांती आली, सामुराइ गेले, १८७६ साली तलवार लावून हिंडायलाच सरकारने बंदी केली, आणि ही विद्या तोसातल्या थोड्या म्हाताऱ्यांपाशी उरली. त्या काळात ती जगवली दोघांनी. एक ओए मासामिची (१८५२–१९२७), तानिमुरा शाखेचे सतरावे. दुसरे नाकायामा हाकुदो, शिमोमुरा शाखेचे म्हणून गाजलेले, १९५८ साली वारले. ओए शाळेत मुलांना शिकवत. मुलांना शिकवायचं तर पसारा आवरावा लागतो. त्यांनी जुने प्रकार छाटले, नव्याने लावले, ओमोरीचे प्रकार रीतसर पहिल्या पायरीवर ठेवले आणि सगळ्याला ‘मुसो जिकिदेन एइशिन-र्यू’ हे नाव रूढ केलं. जिकिदेन म्हणजे थेट हातोहात आलेलं! नाकायामा मूळचे तोसाचेच नव्हेत, कानाझावाचे. तोसाची मंडळी बाहेरच्याला दारात उभं करत नसत. लोकशाहीच्या चळवळीतले प्रसिद्ध पुढारी इतागाकी ताइसुके तोसाचे, त्यांच्या वशिल्याने नाकायामांचा प्रवेश झाला असं म्हणतात. (वशिला म्हटल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.) नाकायामांच्या शिकवणुकीला पुढे ‘मुसो शिनदेन-र्यू’ म्हणू लागले.

आता या दोन शाखा, शुद्ध रक्ताच्या. ओए आधी शिमोमुरा शाखेत शिकले, मग तानिमुरा शाखेकडे गेले आणि तिची गादी चालवली. नाकायामा शिमोमुरा शाखेच्या होसोकावा योशिमासांकडे शिकले आणि तानिमुरा शाखेच्या मोरिमोतो तोकुमींकडेही शिकले. दोघांनी दोन्ही घरचं पाणी प्यालेलं. थोरल्या आणि धाकट्या पातीचं सोवळं सांगणाऱ्यांनी निदान ही दोन नावं तक्त्यावरून खोडून मग बोलावं.

फरक नाहीत असं मी म्हणत नाही. पहिल्या पायरीचे प्रकार एकांकडे अकरा, दुसऱ्यांकडे बारा. नावं निराळी. आणि दुसरा प्रकार तर मला फार आवडतो. एइशिनवाले त्याला ‘मिगि’ म्हणतात, म्हणजे उजवा. शिनदेनवाले त्यालाच ‘सातो’ म्हणतात, म्हणजे डावी तलवार. प्रकार एकच. एकांनी शत्रू उजवीकडे आहे हे पाहिलं, दुसऱ्यांनी आपण डावीकडे तोंड करून बसलो हे पाहिलं. आपल्याकडे एवढ्यावर दोन स्वतंत्र मासिकं निघाली असती.

१९२७ साली ओए गेले, आणि मग खरी मौज. पूर्ण विद्या दिलेले शिष्य त्यांच्या मागे एकाहून अधिक होते. एक ओळ अठरावे म्हणून होगियामा नामिओंना मोजते. ते १९३५ साली गेले, आणि ती ओळ पुढे विसावे कोनो ह्याकुरेन (मृत्यू १९७४) यांच्यापर्यंत आणि त्यांच्याही पुढे जाते. दुसरी ओळ अठरावे म्हणून यामाउची तोयोताकेंना मोजते, जे तोसाच्या राजघराण्यातले. म्हणजे एकाच गादीवर अठरावे दोन. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण आपण उगीच पाठ केली. शिवाय ओएंच्या इतर शिष्यांकडून शिकलेले, आणि गादीबिदीच्या फंदात न पडलेले, आहेतच. आमचे सेन्सेइ त्यांतले. नाकायामांच्या बाजूला तर सगळ्यांनी मानलेला एक गादीपती नाहीच, आणि ती बाजू काही बुडालेली नाही. चांगली भरभराटली आहे.

मध्यंतरी एकी करायचाही प्रयत्न झाला. त्यासाठी अर्थात दोन महासंघ. १९५४ साली निघालेल्या इआइदो महासंघाने पाच पंथांतून एकेक उचलून पाच प्रकार ठरवले. केंदो महासंघाने १९६९ साली आपले सात ठरवले, १९८० साली तीन वाढवले, २००० साली आणखी दोन, झाले बारा. आता जो तो आपल्या पंथाचे प्रकार शिकतो आणि वर महासंघाचे समान प्रकार शिकतो, आणि समान प्रकार दोन तऱ्हांचे आहेत.

यावर त्या इंजिनिअरचा एक मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. तो म्हणे, वंशावळ सोडली तर उद्या कोणीही रंगीत पट्टा बांधून ‘हा माझा प्राचीन पंथ’ म्हणून दुकान मांडील. मांडील काय, मांडलेली आहेत. म्हणूनच ‘तुम्ही कोणाकडे शिकलात?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि तो मी स्वतःही विचारतो. आमचे सेन्सेइ त्याचं उत्तर एका वाक्यात देतात, गुरूचं नाव घेताना मान लववतात, आणि ते गुरू कोणाकडे शिकले तेही सांगतात. साखळी पुरी झाली. ‘तुम्ही कितवे?’ हा प्रश्न मात्र निराळा. तो विद्येचा नाही, सहीचा आहे. दर्जाच्या परीक्षा असतात, प्रमाणपत्रं असतात, प्रमाणपत्रांना शुल्क असतं, आणि कोणाचा शिक्का उमटला म्हणजे खरं, यावर सारी गादी उभी असते. त्याबद्दल भांडावं ज्याने त्याने. पण त्या भांडणाला तीनशे वर्षांचं पावित्र्य लावून एखाद्या म्हाताऱ्याला, ज्याने हयातभर एक पैसा न घेता हॉलची फरशी स्वतः पुसून शिकवलं, त्याला ‘फाटा’ म्हणू नये. म्हणायचंच असेल तर आधी त्याच्यासमोर बसून एकदा तलवार उपसून दाखवावी. त्यांचं म्यान मागे गेलेलं मला अजूनही दिसत नाही; दिसतं तेव्हा पातं माझ्या काल्पनिक नाकासमोर असतं.

हे सगळं मी इंजिनिअरला ऐकवायचं ठरवलं होतं. पण तो भेटेचना. गेल्या महिन्यात त्याची ई-मेल आली. नदीपलीकडच्या वर्गाचे प्रमुख थकले, दोन शिष्य पुढे आले, दोघांजवळही त्यांच्या हातचा कागद आहे, आणि वर्गात दोन तट पडले आहेत. दोन्ही तट याच्याकडे त्याचा तक्ता मागतात. शेवटी दोन ओळी सोडून लिहिलं होतं : सेन्सेइ अजून शनिवारी येतात का? मला परत घेतील का?

सेन्सेइंना विचारायचं धाडस करायला मला दोन शनिवार लागले. तिसऱ्या शनिवारी ते फरशी पुसत असताना विचारलं. फडकं पिळून त्यांनी बादलीच्या कडेवर टाकलं.

“फरशी गार आहे,” ते म्हणाले. “गुडघ्याला पट्टे आणायला सांग.”