चिंटूचा आवाज

चिंटू १९९१ साली ‘सकाळ’च्या पानावर जन्मला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा खोडकर पोरगा. त्याला ना उडता येतं, ना भिंती फोडता येतात, अगदी तुमच्यासारखाच! २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याला पडद्यावर आणलं.

नेरला वर्गात सिनेमा दाखवला, तर एक पोरगी हिरमुसली. म्हणाली, “सर, हा चिंटू असा काहून बोलते? माह्या मनातला त आपल्यावानी बोलते!”

खरंच की! कागदावरच्या चिंटूला आवाज आपण देतो. सिनेमात एकच आवाज उरतो. म्हणून आधी चित्रं वाचा, मग सिनेमा पाहा.

आणि हो, तुमचा चिंटू कसा बोलतो? तीन-चार चौकटी काढा आणि त्याच्या तोंडी तुमच्या घरची बोली घाला बरं!