कीटकांचें घ्राण बंद करणारें औषध

कीटकांस वास येऊंच नये अशीं द्रव्यें प्रयोगशाळांत तयार झालीं आहेत. या वार्तेनें शेतकरी बंधूंनीं हुरळून जाण्यापूर्वीं तिचा अर्थ पाहावा, असें आम्हांस वाटतें.

कीटक आपल्या मिशांनीं वास घेतात. निरनिराळे वास ओळखणारीं ग्राहक-द्वारें तेथें पुष्कळ असलीं, तरी त्यांपैकीं बहुतेक सर्व 'ओर्को' नांवाच्या एका सामाईक भागावर अवलंबून असतात. साऱ्या शिवारांतील मोटारी एकाच डी. पी. वर असाव्या, तसें. इ. स. २०११ त अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत या भागास चेतविणारें द्रव्य सांपडलें, व पुढें तो बंद पाडणारींहि सांपडलीं. हीं द्रव्यें संशोधनाचीं आहेत, फवारणीचीं नव्हेत.

कपाशीवाल्यास यांत आशा कां वाटावी, हें उघड आहे. गुलाबी बोंडअळीचा नर पतंग रात्रीं मादीस वासावरूनच हुडकतो. वास कळला नाहीं तर जोडा नाहीं, जोडा नाहीं तर अंडीं नाहींत. २०१७ सालीं बी. टी. कपाशीचीं बोंडें या अळीनें पोखरलीं, तेव्हांचे पंचनामे आमच्या हातांखालून गेले आहेत. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक माणसें दगावलीं. विषावांचून अळी आवरत असेल तर आम्हांस तें हवेंच आहे.

परंतु ओर्को हा मधमाशीसहि आहे. बोंडअळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांसहि भक्ष्य शोधण्यास वास लागतो. जे बंधू कांद्याचें बी धरतात, त्यांस फुलोऱ्यांत माशी न फिरकल्यास काय होतें हें आम्हीं सांगावयास नको! यास्तव असें औषध घेऊन उद्यां कोणी दारीं आलाच, तर मधमाशीवर याचा प्रयोग झाला आहे काय, हें आधीं विचारावें, भाव मागाहून.

वासाचाच दुसरा उपाय मात्र आज आपल्या हातीं आहे. या अळीच्या मादीचा गंध शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं ओळखला. कामगंध सापळ्यांत तोच असतो, व त्यास भुलतो तो केवळ त्याच जातीचा नर. माशीस त्याचें कांहीं नाहीं. एकरीं दोन सापळे लावावे, आणि सलग तीन रात्रीं सापळ्यामागें आठ वा अधिक पतंग पडल्यास उपाय योजावा, अशी शिफारस आहे. हाच गंध शेतभर पसरून नरास चकविण्याची रीतहि आहे. पण एकट्यानें ती करून भागत नाहीं, कारण शेजारच्या शेतांतून फळलेली मादी उडून येते. अमेरिकेनें २०१८ सालीं आपल्या कापूस-मुलुखांतून ही अळी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें, तें गंध, बी. टी. वाण, वांझ पतंग व पऱ्हाटीचा वेळींच नाश, हीं सर्व मुलुखभर एकजुटीनें चालविल्यावर.

आपल्याकडे फरदडीच्या चार बोंडांच्या लोभानें कपाशी मार्चपर्यंत उभी राहते, व उपटलेली पऱ्हाटी जळणासाठीं बांधावर रचली जाते. अळी तेथेंच सुखानें मुक्काम करिते. तेव्हां येत्या खरिपास संस्थेनें सापळे गांववार एकत्र खरेदी करून द्यावे, आणि जानेवारीनंतर उभी कपाशी ठेवणाऱ्या सभासदास ते सवलतीच्या दरानें देऊं नयेत, असा ठराव वार्षिक सभेपुढें आणावा, अशी आमची सूचना आहे.