सायलेन्सर बदलला, आवाज वाढला; पिकअप वाढला का?

हिवरखेडहून अकोट किंवा तेल्हाऱ्याच्या रस्त्याला एखादी जुनी आरएक्स 100 कर्कश आवाज करीत मागून आली, की लोक आधी बाजूला होतात आणि मग वळून पाहतात. सायलेन्सर बदलणाऱ्याला बहुधा तेच हवे असते. पण ‘नवीन सायलेन्सरने पिकअप वाढतो’ हेही त्याने मनापासून मानलेले असते. गडबड इथे आहे.

यामाहाची ही गाडी 1985 ते 1996 या काळात भारतात तयार झाली. इंजिन अवघे 98 सीसीचे, ताकद साधारण 11 अश्वशक्ती. मध्यमवर्गीय पोराची स्पोर्ट्स बाइकच ती! तिचे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर केवळ आवाज दाबण्यासाठी नसतो. धूर बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे न जळलेले पेट्रोलही धुरासोबत निसटते. नळीचा मध्ये फुगीर, पुढे निमुळता आकार दाबाची लाट परत फिरवतो आणि निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरकडे ढकलतो. ही लाट इंजिनच्या कोणत्या वेगाला कामी येईल, ते नळीच्या लांबी-आकारावर ठरते.

रेसिंगची नळी वरच्या आरपीएमला खरोखर जास्त ताकद देते, हे मान्यच करावे लागेल. पण बाजाराच्या गर्दीत, कमी वेगात तीच गाडी दबते. सोबत कार्ब्युरेटरचे जेटही बदलावे लागते. नाही बदलले तर पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि इंजिन जाम होण्याची पाळी येते. स्वस्तातला पोकळ पाइप तर लाट परतवण्याचे कामच धड करीत नाही. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीचे गणित वेगळे. तिथेही नुसत्या ‘फायरिंग’ने वेग वाढत नाही.

मग जुनी गाडी मंदावते कशाने? ऑइल जळून सायलेन्सरमध्ये आणि इंजिनच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साचतो, रिंगा झिजतात. कार्बन काढून रिंगा बदलल्या, तर मूळ सायलेन्सरवरच गाडी पुन्हा मोकळी पळते. हा खर्च कोणाला दिसत नाही, ऐकूही येत नाही. म्हणून तो टाळला जातो.

कायद्याचीही बाजू आहे. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच स्पष्ट केले. ध्वनिप्रदूषणासाठी कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10 हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्यानंतर मूळ सायलेन्सरची शोधाशोध सुरू होते आणि तो तर कधीच भंगारात गेलेला असतो.